विद्युत् दाब, घरगुती
विद्युत् दाब, घरगुती : घरातील दिवे, पंखे, शेगड्या इ. उपकरणांना ज्या विद्युत् दाबाने वीज पुरविली जाते त्यास घरगुती विद्युत् दाब म्हणतात. तो व्होल्ट या एककात मोजतात. भारतात त्याचे घोषित मूल्य २३० व्होल्ट असून प्रत्यावर्ती (ठराविक काळाने दिशा बदलणाऱ्या) प्रवाहाची कंप्रता, म्हणजे दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांची संख्या, ५० हर्ट्‌झ आहे. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथे १२० व्होल्ट व ६० हर्ट्‌झ, यूरोपात २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झ, तर जपानमध्ये केवळ १०० व्होल्ट दाब वापरतात. यांपैकी कोणताही आकडा निसर्गनियमांतून आलेला नाही. आरंभीच्या वीज कंपन्यांनी त्या वेळच्या दिव्यांना आणि तांब्याच्या किंमतीला अनुसरून जे निर्णय घेतले, त्यांचा हा वारसा होय.

देशादेशांतील या फरकाखेरीज आणखी एक फरक असतो, तो घोषित दाब व घरात प्रत्यक्ष पोहोचणारा दाब यांतील. प्रवासी माणसाला पहिला फरक जाणवतो. मराठवाड्यातील एखाद्या गावात राहणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने मात्र दुसराच अधिक महत्त्वाचा ठरतो. दोन्ही फरकांचे मूळ एकच असल्याने येथे त्यांचा एकत्र विचार केला आहे. दुसऱ्या फरकाच्या विवेचनासाठी परभणी जिल्ह्यातील (जिंतूर तालुका) चारठाणा हे प्राचीन मंदिरांसाठी प्रसिद्ध असलेले गाव उदाहरणादाखल घेतले आहे. तेथील म्हणून दिलेली परिस्थिती कोणत्याही मोठ्या खेड्यात आढळणारी असून त्यासंबंधीचे आकडे गणिताने काढलेले आहेत, मोजणीचे नव्हेत.

दाब व तारेतील घट : उपकरणास मिळणारी विद्युत् शक्ती (वॉट) ही दाब व प्रवाह (अँपिअर) यांच्या गुणाकाराएवढी असते. म्हणून तीच शक्ती अधिक दाबाने पुरविली, तर कमी प्रवाह पुरतो. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने दाब दुप्पट केला असता ही हानी चौथाईवर येते. समजा, रोहित्रापासून (ट्रान्सफॉर्मरपासून) सु. अर्ध्या किमी. अंतरावर एक घर असून जाणारी व येणारी तार मिळून एकूण रोध १ ओहम आहे. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर या तारेतून २० अँपिअर प्रवाह घेतल्यास दाब २० व्होल्टनी, म्हणजे सु. ९ टक्क्यांनी घटेल. तेवढीच शक्ती १२० व्होल्टच्या पुरवठ्यावर घ्यावयाची झाल्यास प्रवाह ३८ अँपिअरच्या वर जाईल आणि वाटेतच ३८ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ एक-तृतीयांश दाब नाहीसा होईल. यावरून कमी दाबाच्या देशांत रोहित्र घराच्या अगदी जवळ का ठेवावे लागते, ते ध्यानात येते. अमेरिकेत दोन-चार किंवा फार तर दहा-बारा घरांमागे खांबावर एक लहान रोहित्र असते. २३० व्होल्टच्या देशांत एका मोठ्या रोहित्रापासून कमी दाबाच्या तारा दूरवर नेता येतात. हा सोयीचा भाग झाला. या सोयीची मर्यादा कोठे ओलांडली जाते, ते पुढे पाहू.

अधिक दाबाचा तोटा उघड आहे. शरीराचा रोध तोच असताना विजेच्या धक्क्याच्या वेळी शरीरातून जाणारा प्रवाह दाबाबरोबर वाढतो. ३० मिलिअँपिअर इतका अल्प प्रवाहही थोडा वेळ टिकल्यास जीवावर बेतू शकतो. इंग्लंडमध्ये बांधकामाच्या जागी हातातील हत्यारांसाठी मुद्दाम ११० व्होल्टचा आणि जमिनीच्या सापेक्ष केवळ ५५ व्होल्ट भरेल असा पुरवठा वापरतात, तो याच कारणासाठी. तथापि १२० व्होल्ट निर्धोक आहेत, हा समज बरोबर नाही. ओल्या हाताने स्पर्श झाल्यास तोही दाब प्राणघातक ठरतो.

इतिहास : ४ सप्टेंबर १८८२ रोजी टॉमस एडिसन यांनी न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट येथून ११० व्होल्ट दाबाचा एकदिश प्रवाह पुरविण्यास सुरुवात केली. त्या काळच्या कार्बन तंतूच्या दिव्यांना सु. १०० व्होल्टच मानवत. त्याहून अधिक दाबाला पुरेल असा लांब व बारीक तंतू टिकत नसे. विशेष म्हणजे त्याच वर्षी मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्येही विजेचे दिवे लावण्यात आले होते. पण ते काम करणारी कंपनी लवकरच बुडाली आणि मंडई पुन्हा गॅसच्या दिव्यांकडे वळली.

११० व्होल्टच्या पुरवठ्याला तांबे फार लागे. यावर एडिसन यांनी तीन तारांची पद्धती काढली. तीत दोन टोकांच्या तारांमध्ये २२० व्होल्ट आणि मधल्या उदासीन तारेच्या (न्यूट्रलच्या) सापेक्ष प्रत्येकीवर ११० व्होल्ट दाब असे. आजच्या अमेरिकी घरातील १२०/२४० व्होल्टची रचना हिचीच वंशज असून तेथील दिवे १२० व्होल्टवर, तर मोठ्या विद्युत् भट्ट्या व कपडे वाळविण्याची यंत्रे २४० व्होल्टवर चालतात. अमेरिकेत सर्वत्र कमीच दाब वापरतात, ही समजूत म्हणून अर्धसत्य आहे.

बर्लिनच्या वीज कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धाडसी निर्णय घेतला. सुधारलेले दिवे २२० व्होल्टवर टिकू लागले होते. रस्त्याखालील त्याच तारांतून अधिक वीज विकता यावी म्हणून तिने आपला पुरवठा दुप्पट दाबाचा केला आणि ग्राहकांचे दिवे व चलित्रे (मोटारी) बदलून देण्याचा खर्च स्वतः सोसला. वाचलेल्या तांब्यातून तो भरून निघाला. यूरोपातील इतर शहरांनी हाच कित्ता गिरविला. अमेरिकेत तोपर्यंत ११० व्होल्टची उपकरणे घरोघरी इतकी पसरली होती की, बदल परवडण्याजोगा राहिला नाही. आधी सुरुवात करणाऱ्यास जुन्याचे ओझे अधिक काळ वाहावे लागते, याचे इतके स्वच्छ उदाहरण तंत्रविद्येच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

दरम्यान १८८५ मध्ये बूडापेस्टच्या गांझ कारखान्यातील अभियंत्यांनी व्यवहारोपयोगी रोहित्र सिद्ध केले. रोहित्रामुळे प्रत्यावर्ती प्रवाहाचा दाब हवा तसा वाढविता व उतरविता येऊ लागला [→ रोहित्र]. त्यापुढे एकदिश पुरवठा मागे पडत गेला. तरी न्यूयॉर्कमधील त्याचा अखेरचा भाग २००७ सालापर्यंत चालू होता. कंप्रतेच्या बाबतीत आरंभी एकवाक्यता नव्हती. नायगारा येथील केंद्र १८९५ मध्ये २५ हर्ट्‌झवर सुरू झाले, पण या कंप्रतेला दिवे डोळ्यांना त्रास होईल इतके लुकलुकत. पुढे अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीची ६० व जर्मनीत आएगे कंपनीची ५० ही मूल्ये रूढ झाली. जपानने टोकिओसाठी जर्मन, तर ओसाकासाठी अमेरिकी जनित्रे घेतली. परिणामी आजही त्या देशाच्या पूर्व भागात ५० आणि पश्चिम भागात ६० हर्ट्‌झ कंप्रता आहे. मार्च २०११ च्या भूकंपानंतर टोकिओ भागात विजेचा तुटवडा पडला, तेव्हा पश्चिमेकडून केवळ सु. १० लाख किलोवॉट एवढीच वीज कंप्रता बदलणाऱ्या केंद्रांमार्फत पाठविता आली.

भारताने ब्रिटिश प्रथा उचलली. मुंबईत १९०५ मध्ये बाँबे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रॅमवेज कंपनी (आजची ‘बेस्ट’) स्थापन झाली. टाटांचे खोपोली येथील जलविद्युत् केंद्र १९१५ मध्ये सुरू होऊन सह्याद्रीतील पाण्यावर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. चारठाणा त्या काळी हैदराबाद संस्थानात होते. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ स्थापन झाल्यावर ग्रामीण विद्युतीकरणास वेग आला. जिंतूर तालुक्यातच पूर्णा नदीवर येलदरी येथे २२·५ मेगॅवॉट क्षमतेचे जलविद्युत् केंद्र १९६८ मध्ये सुरू झाले. १९७१ मध्ये बीड जिल्ह्यातील परळी येथे औष्णिक केंद्राची भर पडली. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले.

२४० चे २३० कसे झाले : भारतात पूर्वी घोषित दाब २४० व्होल्ट (त्रिकला पुरवठ्यात दोन तारांमध्ये ४१५ व्होल्ट) असे. इंग्लंडमध्येही २४० व्होल्ट व यूरोप खंडात २२० व्होल्ट होते. आंतरराष्ट्रीय विद्युत् तांत्रिक आयोगाने १९८३ मध्ये दोहोंच्या मधले २३०/४०० व्होल्ट हे प्रमाण मूल्य सुचविले. ते स्वीकारताना कोणत्याही देशाने आपली सर्व रोहित्रे बदलली नाहीत. इंग्लंडने फक्त सहनमर्यादा अशी ठरविली (१० टक्के अधिक, ६ टक्के कमी) की, पूर्वीचे २४० व्होल्ट तीत आपोआप बसावेत. कागदावरचा आकडा बदलला, तारेतील वीज बहुतांशी तीच राहिली. दक्षिण कोरियाने मात्र १९७३ ते २००५ या काळात घरगुती दाब ११० वरून खरोखरच २२० व्होल्टवर नेला. ब्राझीलमध्ये अद्यापि काही भागांत १२७, तर काही भागांत २२० व्होल्ट दाब आहे.

परदेशी नेलेली उपकरणे : मॉरिशसमधील मराठी वस्तीत किंवा इझ्राएलमध्ये जाऊन राहिलेल्या बेने इझ्राएल कुटुंबांत येथील मिक्सर नेल्यास फक्त भिंतीतील खाचेचा आकार जुळवावा लागतो, कारण दोन्हीकडे २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झच आहेत. भारतातील तीन गोल खिळ्यांची खाच जुन्या ब्रिटिश मानकावरून आलेली आहे. इंग्लंडने घरगुती वापरातून ती केव्हाच सोडली.

अमेरिकेत गेलेल्या कुटुंबाची गोष्ट निराळी. निव्वळ तापणारी उपकरणे, उदा., इस्त्री किंवा पाणी तापविण्याचा रॉड, दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात शक्ती घेतात. २३० व्होल्टची इस्त्री १२० व्होल्टवर लावल्यास जेमतेम चौथाई तापते. कपड्यांच्या घड्या मोडत नाहीत, इतकेच नुकसान. उलट १२० व्होल्टची इस्त्री भारतात लावल्यास ती जवळजवळ चौपट शक्ती घेऊन क्षणात जळते. मिक्सरसाठी दाब वाढविणारे रोहित्र नेले तर काम भागते, कारण त्यातील ब्रशाच्या चलित्राला कंप्रतेचे विशेष वावडे नसते. छताचा पंखा किंवा वाटणाचा दगडी ग्राइंडर यांत प्रवर्तन चलित्र असते. त्याची गती कंप्रतेवर अवलंबून असल्याने दाब बरोबर करूनही ते ६० हर्ट्‌झवर अधिक वेगाने फिरू पाहते. घरगुती रोहित्राने कंप्रता बदलत नाही, हे अनेकांना दगडी ग्राइंडर विमानाने नेल्यानंतर कळते. भ्रमणध्वनी व संगणक यांचे भारक (चार्जर) मात्र बहुधा १०० ते २४० व्होल्ट आणि ५० ते ६० हर्ट्‌झ या सर्व मर्यादांत चालतात. तसे त्यांच्यावर छापलेले असते.

गावातील दाब : चारठाण्याच्या घरातील वीज कोठून येते, या प्रश्नाला ‘येलदरीहून’ असे उत्तर देता येत नाही. केंद्रातील वीज दाब वाढवून राज्याच्या जाळ्यात जाते. हे जाळे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीद्वारे दक्षिण भारताशी जोडले गेल्यापासून सबंध देशाची कंप्रता एकच झाली आहे. ती चारठाण्याच्या शेवटच्या घरात व मुंबईच्या मलबार हिलवर कोणत्याही क्षणी सारखीच असते. दाबाचे तसे नाही. दाब ही स्थानिक गोष्ट आहे.

ग्रामीण भागात वीज ३३ किलोव्होल्टने उपकेंद्रात व तेथून ११ किलोव्होल्टने गावाच्या रोहित्रापर्यंत येते. या रोहित्रालाच लोक सर्रास ‘डीपी’ म्हणतात. त्याच्या कमी दाबाच्या बाजूस, भार नसताना, तीन कलांमधील कोणत्याही दोन तारांत ४३३ व्होल्ट, म्हणजे प्रत्येक कला व उदासीन तार यांत २५० व्होल्ट दाब असतो. घोषित २३० पेक्षा हा मुद्दाम जास्त ठेवलेला आहे, कारण तारेत घट होणार हे गृहीतच धरलेले असते. नियमांनुसार ग्राहकाकडील दाब घोषित मूल्याच्या ६ टक्के वर-खाली, म्हणजे सु. २१६ ते २४४ व्होल्ट या मर्यादेत असावयास हवा. वर उल्लेखिलेल्या १ ओहम रोधाच्या तारेतून संध्याकाळी ५० अँपिअर प्रवाह वाहू लागला, तर टोकाच्या घरात २०० व्होल्टच उरतात. रात्री भार उतरला की, डीपीजवळच्या घरात २५० व्होल्टच्या आसपास दाब चढतो. एकाच गल्लीत एका टोकाला दिवे मिणमिणावेत आणि दुसऱ्या टोकाला ते वारंवार उडावेत, याचे कारण हे आहे. तंतुदीपाचा दाब १० टक्के कमी झाल्यास प्रकाश सु. ३० टक्क्यांनी घटतो. तो १० टक्के वाढल्यास दिव्याचे आयुष्य एक-तृतीयांशाहूनही कमी होते. कंदिलाच्या जागी आलेला विजेचा दिवा परीक्षेच्या दिवसांत ऐन संध्याकाळी मंद होतो, तेव्हा घोषित २३० या आकड्याला त्या घरापुरता अर्थ उरत नाही.

शेतीच्या वाहिन्यांवर हा प्रश्न अधिक तीव्र होतो. पाच अश्वशक्तीचा त्रिकला पंप पूर्ण भाराला सु. ८ अँपिअर प्रवाह घेतो. १०० किलोव्होल्ट-अँपिअरच्या रोहित्रावर असे सतरा-अठरा आणि ६३ च्या रोहित्रावर दहा-अकरा पंप पेलतात. त्याहून अधिक पंप जोडले गेले, मग ते मंजूर असोत वा आकडा टाकून घेतलेले असोत, की दाब उतरतो. प्रवर्तन चलित्राचे फिरविण्याचे बल दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने दाब २३० वरून १८० व्होल्टवर आल्यास ते सु. ६१ टक्के राहते. पाणी ओढण्याचे काम तेवढेच असल्याने चलित्र अधिक प्रवाह घेते, तापते व त्याचे वेटोळे जळते. वीज येताच पंप आपोआप चालू करणारे ‘ऑटो स्विच’ लावलेले असल्यास सर्व पंप एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना चलित्र नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह घेत असल्यामुळे अशा वेळी प्रथम रोहित्रच निकामी होण्याचा संभव असतो. प्रत्येक पंपास योग्य धारित्र (कपॅसिटर) जोडल्यास तारेतील प्रवाह कमी होऊन दाब सुधारतो. त्याचा लाभ शेजाऱ्यालाही मिळतो. कदाचित म्हणूनच ते स्वतःच्या खर्चाने बसविण्याचा उत्साह कमी दिसतो.

दाब कमी होण्यापेक्षा घातक प्रकार म्हणजे उदासीन तार तुटणे. ही तार तुटली की, दोन निरनिराळ्या कलांवरील घरे एकामागोमाग एक जोडल्यासारखी होऊन त्यांच्यावर मिळून ४०० व्होल्ट दाब येतो आणि तो भाराच्या व्यस्त प्रमाणात वाटला जातो. एका घरात १,००० वॉटची शेगडी व दुसऱ्यात केवळ १०० वॉटचे दिवे चालू असतील, तर दिव्यांच्या घरावर सु. ३६४ व्होल्ट येतात. म्हणजे ज्या घरात वापर सर्वांत थोडा त्याच घरातील दूरचित्रवाणी संच व दिवे सर्वप्रथम जळतात. उदासीन तार रोहित्रापाशी जमिनीशी जोडलेली असली, तरी हा आधार मातीतील ओलीवर अवलंबून असतो. परभणी भागातील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा तो क्षीण होतो. भूसंपर्काच्या खड्ड्यात मीठ व कोळसा भरतात आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओततात, ते ओल टिकून राहावी म्हणून. उदासीन तार नसताना एका कलेची तार व जमिनीत पुरलेली सळई यांवर दिवा पेटविण्याची युक्ती काही ठिकाणी आढळते. तीत सळईभोवतालच्या जमिनीवरच दाब निर्माण होत असल्याने अनवाणी माणसे व गुरे दगावण्याचा धोका असतो.

उपाय : घरोघरी बसविलेला दाब-स्थिरक (स्टॅबिलायझर) त्या घरापुरता दाब वाढवितो, परंतु तेवढी शक्ती मिळविण्यासाठी तो तारेतून अधिक प्रवाह खेचतो. त्यामुळे तारेतील घट वाढून पुढच्या घराचा दाब आणखी उतरतो व तेथेही स्थिरकाची गरज भासू लागते. आधुनिक भारक व इन्व्हर्टर पद्धतीची वातानुकूलन यंत्रे कमी दाबावर याच रीतीने वागतात. गावठाणाच्या व शेतीच्या वाहिन्या वेगळ्या केल्याने घरांवरील पंपांचा भार दूर होतो. महाराष्ट्रात हे काम बऱ्याच गावांत झाले आहे. खरी सुधारणा कमी दाबाची तार आखूड करण्यात आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून कृषिपंपांसाठी उच्च दाब वितरण पद्धती हाती घेण्यात आली. तीत ११ किलोव्होल्टची तार शेतापर्यंत नेऊन एक-दोन पंपांमागे एक लहान रोहित्र बसवितात. अमेरिकेने १२० व्होल्टच्या अडचणीपायी प्रथमपासून जे केले, त्याच रचनेकडे २३० व्होल्टचा देश दाबाची सोय लांब तारांत खर्ची घातल्यावर वळला आहे. या रचनेत तारेतील हानी घटते, आकडा टाकणे अवघड होते आणि एक रोहित्र जळाल्यास सबंध शिवार अंधारात जात नाही. मात्र रोहित्रांची संख्या अनेक पटींनी वाढते व भार असो वा नसो, प्रत्येकाच्या लोखंडी गाभ्यात थोडी वीज अहोरात्र खर्च होत राहते.